काचेत उतरलेली समई: कोथरूडच्या एका होलोग्राम कार्यशाळेचा अनुभव

आजीच्या पितळी समईचा ३० बाय ४० सेंटिमीटरचा परावर्ती होलोग्राम (समोरून उजेड टाकून पाहायचे, काचेवर नोंदलेले त्रिमितीय चित्र) मी कोथरूडमधील एका छोट्या कार्यशाळेकडून करून घेतला. पद्धत सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ यूरी डेनिस्युक यांनी १९६२ साली मांडलेली आहे: लेसरचा फाकवलेला झोत सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी रसायनाचा लेप दिलेल्या काचेतून वस्तूवर पाडतात आणि वस्तूवरून परतणारा प्रकाश त्या झोताला लेपातच भेटून व्यतिकरणाचे (दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याचे) अतिसूक्ष्म थर नोंदवतो. या थरांमधील अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी असल्यामुळे वस्तू किंचित हलली तरी चित्र उमटत नाही. म्हणून रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, हे काम चालते. पहिली काच माझ्या खोकल्यामुळे वाया गेली, हे कबूल करायला हवे.

दुसरी काच मात्र अप्रतिम उतरली आहे. डोके थोडे डावीकडे नेले की समईच्या तबकाखालचा, लहानपणी माझ्याच हातून पडलेला पोचा दिसू लागतो.

तक्रारी दोन आहेत. लाल लेसर वापरूनही समई हिरवट दिसते, कारण रासायनिक प्रक्रियेत लेप आकसतो आणि थर जवळ येऊन लालपेक्षा कमी तरंगलांबीचा हिरवा प्रकाश परतवतात. याची कल्पना आधी द्यायला हवी होती. शिवाय ट्यूबलाइटखाली चित्र पार विरघळते. वरून तिरका पडणारा एकच लहान, प्रखर दिवा लागतो आणि तो मला लक्ष्मी रोडवरून स्वतः आणावा लागला.