गिरिस्थानाच्या अंदाजपत्रकात आधी काय: सौर दिवे की पावसाळी मोऱ्या?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि तीन-चार वर्षं प्रशासकाच्या सहीने मंजूर होणारी अंदाजपत्रकं पुन्हा सभागृहापुढे येऊ लागली. महाबळेश्वरसारख्या गिरिस्थानात हवामान बदलासाठी काही रक्कम राखून ठेवावी, यावर आता फारशी खडाजंगी होत नाही. ती सुरू होते रक्कम कशावर घालायची या मुद्द्यावर. फिरून फिरून टेबलावर दोनच प्रस्ताव उरतात. एक सौर ऊर्जेचा, म्हणजे रस्त्यावर सौर पथदिवे आणि पालिकेच्या इमारतींवर पॅनेल. दुसरा पावसाळी पाण्याचा, म्हणजे गटारं, मोऱ्या आणि उताराला धरणारी जाळीची भिंत. दोन्ही एका वर्षात पुरी होण्याइतका स्वनिधी कुठल्याच गिरिस्थानाकडे नसतो. प्रवासी कराची आवक पर्यटकांवर, आणि पर्यटक घाटरस्ते चालू राहण्यावर अवलंबून.

सौर प्रस्तावाची फाईल हाती आली की आधी तिचे दोन तुकडे करावेत. छतावरचं पॅनेल आणि रस्त्यावरचा स्वयंपूर्ण सौर खांब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एका शीर्षाखाली आल्या की चांगलीच्या आडून वाईटही मंजूर होऊन जाते.

छतावरचं पॅनेल महाबळेश्वरातही चालतं. दख्खनच्या सपाट पठारावर एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट धरतात. इथे मी ११०० ते १२०० च्या वर धरणार नाही. जून ते सप्टेंबर जवळपास हातचे गेलेलेच समजा. पण नेट मीटरिंगचा, म्हणजे पॅनेलची जास्तीची वीज तारेत देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचा, हिशेब एप्रिल ते मार्च असा वर्षभराचा असतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमा झालेली युनिटं पावसाळ्याच्या बिलांत वळती होतात. आर्थिक वर्षाची ही सुरुवात गिरिस्थानाच्या चांगलीच पथ्यावर पडते. काळजी घ्यायची ती छताची. इथली छपरं उतरती, बहुतेक पत्र्याची. पत्र्याला भोक पाडून स्ट्रक्चर बसवलं की पहिल्याच आषाढात कार्यालयात बादल्या ठेवायची वेळ येते. पत्र्याच्या उंचवट्याला पकडणारे क्लॅम्प एस्टिमेटमध्ये स्वतंत्र बाब म्हणून लिहून घ्यावेत. नुसतं 'स्ट्रक्चरसह' लिहिलं की ठेकेदार स्क्रूच मारतो. दुसरी अडचण सावलीची. जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या छायेत उभ्या असलेल्या इमारतींवर पॅनेल लावायचा मोह टाळावा. २००१ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा 'फांद्या नंतर छाटू' हे उत्तर कागदावर टिकणारं नाही. आणि एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या अख्ख्या साखळीची वीज घसरू शकते.

आता खांब. माझं मत ज्या एका कटकटीने फिरवलं ती इथे आहे.

सौर पथदिव्याचं गणित सोपं असतं. १५ वॅटचा दिवा बारा तास, म्हणजे रात्रीला १८० वॅट-तास. तीन दिवस ऊन नाही असं धरून ५४० वॅट-तासांचा साठा, म्हणजे १२.८ व्होल्टची, ४२ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. पुणे-सोलापूरकडे हे गणित बरोबर बसतं. महाबळेश्वरात मात्र धुकं तीन दिवसांनी उठत नाही. जुलैत पंधरा-पंधरा दिवस समोरचा खांब दिसत नाही. अशा उजेडात पॅनेलला मिळतं ते दिव्याच्या गरजेच्या एका तुकड्याइतकंच. चौथ्या-पाचव्या रात्री दिवा मालवतो. इथवर समजून घेता येईल. पण बॅटरीतला नियंत्रक संच स्वतःसाठी थोडीथोडी वीज खातच राहतो, आणि आठवडे असे गेले की बॅटरी इतकी खाली जाते की ऑक्टोबरात लख्ख ऊन पडलं तरी ती पुन्हा उठत नाही. वरून पेटीत शिरलेली ओल, जोडणीवर चढलेला हिरवा गंज आणि काचेवरचं शेवाळ. रात्री अकरानंतर उजेड ३० टक्क्यांवर आणणारा टायमर घेतला तर रोजचा खप सुमारे १०७ वॅट-तासांवर येतो आणि साठा पाच दिवस पुरतो. पंधरा दिवस तरीही नाही. जूनच्या सुरुवातीला बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर काढून कोरड्या खोलीत ठेवणं हा खरा इलाज आहे, पण तो केला की रस्ता चार महिने अंधारात, मग खांब कशासाठी?

ज्या रात्री झाड पडून तारा तुटतात आणि सौर दिवा हवा असतो, नेमक्या त्या रात्री तो विझलेला असतो. खांब बसवायला योजनेतून निधी मिळतो, फोटो निघतो, फलक लागतो. तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलायचा खर्च बहुधा स्वनिधीवर येतो आणि त्याला अंदाजपत्रकात लेखाशीर्षच नसतं. नवे खांब मंजूर होतात, जुने तसेच उभे राहतात. कोणाचा दोष काढायचा नाही, पण हे चक्र एकदा नीट पाहिलं की हात आखडतोच.

तेव्हा पथदिवे आहेत त्या तारेवरच एलईडी ठेवावेत आणि त्यांची वीज छतावरच्या पॅनेलांनी फेडावी. उत्सर्जन तेवढंच कमी होतं, बॅटरी कुठेच लागत नाही.

दुसरी बाजू पाण्याची. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरात ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका हेक्टरवर पडलेलं एवढं पाणी सुमारे ५९ लाख लिटर भरतं. दहा हजार लिटरचे ५९४ टँकर एका दिवसात एका हेक्टरवर ओतल्यासारखं. त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला आणि पोलादपूरकडची वाट बंद पडली. इथे कायमच मुसळधार पडतो, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणून 'आम्हाला पावसाची सवय आहे' असं सगळेच म्हणतात. सवय चार महिने रिपरिपणाऱ्या पावसाची आहे. एका तासात शंभर मिलिमीटर कोसळतो तेव्हा बाजारपेठेतला ३०० मिलिमीटरचा पाइप काय करतो, हा प्रश्न वेगळा.

उत्तर कागदावर काढता येतं. वाहून येणारं पाणी घनमीटर प्रतिसेकंदात हवं असेल तर गुणांक (पावसातला न मुरता वाहून येणारा वाटा), पावसाची तासाची तीव्रता आणि हेक्टरमधलं क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. दोन हेक्टरचं पाणलोट, गुणांक ०.७, तासाला १०० मिलिमीटर: ०.३९ घनमीटर. पन्नासास एक उतारावर ३०० मिलिमीटरचा सिमेंट पाइप पूर्ण भरून वाहिला तरी ०.१४ च्या पुढे नेत नाही. ४५० चा कसाबसा ०.४० नेतो, ६०० चा ०.८७. म्हणजे ३०० चा पाइप एकतृतीयांश पाणी नेतो आणि बाकीचं रस्त्यावरून जातं, तेही पाइप स्वच्छ असेल तर. इथल्या सदाहरित झाडांचा पाला, जांभ्याचे खडे, चिप्सची पाकिटं आणि मक्याची कणसं एकत्र आली की पाइपाचं तोंड तासाभरात बंद होतं. म्हणून रस्त्याखालच्या मोरीला हिशेबात ४५० निघाला तरी ९०० पेक्षा लहान घेऊ नये; त्याहून लहान पाइपात माणूस फावडं चालवू शकत नाही आणि जे साफ करता येत नाही ते साफ होतही नाही. पाइप एनपी-३ किंवा वाहनांची वर्दळ असेल तर एनपी-४ (हे सिमेंट पाइपाच्या मजबुतीचे दर्जे); स्वस्तातला एनपी-२ बसच्या चाकाखाली चिरतो.

तोंडाशी गाळखड्डा हवा, किमान अर्धा मीटर खोल, आणि जाळी तिरकी. उभी जाळी पाल्याने लिंपली जाते. तिरक्या जाळीवर पाला वर सरकतो आणि खालून पाणी जात राहतं. बाहेरच्या तोंडाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. मोरीतून वेगाने सुटलेलं पाणी थेट उतारावर पडलं की जांभ्याखालचा मऊ मातीचा थर धुतो, वरची कडा लोंबकळते आणि एखाद्या पावसाळ्यात सगळी मोरीच दरीत जाते. त्यासाठी दगडी पिचिंगचं अॅप्रन, म्हणजे तोंडापुढे दगड बसवून केलेली फरसबंदी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी घसरण आणि खाली तारेच्या जाळीतल्या दगडांची भिंत. ही भिंत सिमेंटच्या भिंतीपेक्षा स्वस्त आणि इथल्या जमिनीला मानवणारी, कारण पाणी तिच्यातून निघून जातं. काँक्रीटची भिंत घेतलीच तर पाणी निघायला ७५ ते १०० मिलिमीटरची छिद्रं दीड-दीड मीटरवर, मागे खडीचा थर. छिद्रं ठेवून मागे खडी न भरणं ही नेहमीची चूक. मोजमाप पुस्तिकेत ती दिसत नाही, पहिल्या मोठ्या पावसात भिंतीच्या पोटावर दिसते.

मोरीच्या प्रस्तावातही कटकटी आहेत, नाही असं नाही. गावातल्या मोठ्या रस्त्याचा मालक बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभाग असतो, खालचा उतार वनविभागाचा, आणि पाणी दोन्ही हद्दी न विचारता ओलांडतं. ना-हरकत मिळेपर्यंत हंगाम निघून जातो. संवेदनशील क्षेत्रात तीव्र उतारावर खोदकाम करायचं म्हटलं की त्या क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या सनियंत्रण समितीचा प्रश्न येतो. शिवाय मोरीचं कौतुक कोणी करत नाही. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात, जे २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं, किंवा कुठल्याही अहवालात सौर दिव्यांची संख्या चटकन मांडता येते. न वाहून गेलेला रस्ता मोजायचा कसा?

तरीही माझं पारडं मोरीकडे झुकतं, आणि कारण तांत्रिक कमी, हिशेबाचं जास्त आहे. मोरीची देखभाल म्हणजे नालेसफाई, आणि नालेसफाईचं लेखाशीर्ष प्रत्येक नगरपरिषदेत आधीपासून आहे. दर मेमध्ये तिची निविदा निघते, माणसं ठरलेली असतात, न झाल्यास नागरिक बोंब मारतात. सौर खांबाच्या देखभालीची अशी कुठलीच घडी बसलेली नाही. वस्तू किती चांगली यापेक्षा पाचव्या वर्षी तिच्याकडे कोण बघणार, याला मी जास्त वजन देतो. कोणाला हे जुनाट वाटेल. सपाट, उन्हाच्या गावाचं अंदाजपत्रक असतं तर मीही उलट सांगितलं असतं.

हवामानासाठी एक कोटी राखलेत असं धरलं तर माझी वाटणी अशी राहील: साठ लाख मोऱ्या, गटारं आणि बाहेरच्या तोंडांना, पंचवीस लाख छतावरच्या पॅनेलांना, बॅटरीशिवाय, दहा लाख पावसाळ्यात अचानक खचणाऱ्या उतारासाठी हात न लावता ठेवायचे, उरलेले पाच लाख आपत्ती नियंत्रण कक्ष आणि दवाखान्यासाठी इन्व्हर्टर-बॅटरीला, जी इमारतीच्या आत कोरडी राहते आणि एरवी तारेवरच चार्ज होते. दहा लाखांच्या राखीव रकमेवर फेब्रुवारीत हमखास डोळा असतो. 'खर्च झाले नाहीत तर परत जातील' ही भीती योजनेच्या निधीला लागू आहे, स्वनिधीला नाही. म्हणून राखीव रक्कम स्वनिधीतूनच दाखवावी.

वेळापत्रकात बहुतेक जण फसतात. फेब्रुवारीत अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, ई-निविदा, एप्रिलअखेर कार्यारंभ आदेश, आणि तेव्हा बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. मेअखेर घाईघाईत काँक्रीट पडतं, त्याला पाणी मारायला टँकर मिळत नाही, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यावरून पाणी वाहतं. गिरिस्थानात बांधकामाची खरी खिडकी दोनच: दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून नाताळच्या आधीपर्यंत, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेर. म्हणजे या फेब्रुवारीत मंजूर झालेल्या पैशाचं काम नोव्हेंबरात सुरू होणार हे गृहीत धरूनच आखणी करावी. मधला पावसाळा वाया जात नाही, उलट सर्वेक्षणाची तीच वेळ. जुलैत जोराच्या सरीत अभियंत्यासोबत गावभर फिरून पाणी गटार सोडून रस्त्यावर कुठे येतं, कुठून परत खाली उतरतं आणि उताराच्या पायथ्याशी गढूळ झरा कुठे फुटलाय, त्या जागा ऑइल पेंटने रंगवून ठेवाव्यात. ऑक्टोबरात एस्टिमेट त्या खुणांवरून होतं. कोरड्या दिवसात, नकाशावरून काढलेली मोरी पाण्याच्या वाटेपासून वीस फूट बाजूला निघण्याची शक्यता दांडगी.

कार्यारंभ आदेशात दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघडलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, किमान दोन पूर्ण पावसाळे असा शब्दांत लिहून घ्यावा, महिन्यांत नव्हे. बारा महिने लिहिले आणि काम मार्चमध्ये संपलं, तर दुसऱ्या जुलैत खचलेल्या भिंतीला ठेकेदार बांधील राहत नाही.