अब्ज फेऱ्यांची फटीग टेस्ट: अल्ट्रासॉनिक घ्यावं की रोटेटिंग बेंडिंग?

बेअरिंगच्या पोलादाची (आपल्या वर्कशॉपमधलं ईएन-31, जपानमधलं एसयूजे-2) फटीग टेस्ट, म्हणजे नमुन्याला पुन्हा पुन्हा ताण देऊन तो कधी तुटतो ते बघणं (ताणाचं एक आवर्तन म्हणजे एक फेरी), एक कोटी फेऱ्यांवर थांबवायची, ही जुनी रीत. नमुना तिथवर टिकला की पास. मऊ पोलादाला ते बहुतेक वेळा चालून जातं. हे कडक पोलाद मात्र कोटीचा टप्पा ओलांडल्यावर, आणखी कमी ताणाखालीही, आतून तडकतं. म्हणून अब्जापर्यंत जावं लागतं.

वेळेच्या हिशोबात तुलनाच नाही. रोटेटिंग बेंडिंग मशीन (वाकवलेला नमुना गोल फिरवणारं) 3000 आरपीएमवर, म्हणजे 50 हर्ट्झवर, चालवलं तर एक अब्ज फेऱ्यांना सुमारे 231 दिवस लागतात, तेही एका नमुन्याला! अल्ट्रासॉनिक मशीन (नमुना अतिवेगाने कंपवून ओढ-दाब देणारं) 20 किलोहर्ट्झवर सलग चाललं तर 14 तासांत काम उरकतं. पण सलग चालवता येत नाही, मेख तिथेच आहे. नमुना तापतो, म्हणून क्षणभर कंपन, मग थांबा, वर हवेचा झोत. शिवाय नमुन्याची लांबी अनुनादाला जुळवूनच, म्हणजे तो त्याच फ्रिक्वेन्सीला जोरात कंपेल अशी, कापावी लागते. त्यात सवलत नाही.

वेगापेक्षा महत्त्वाचा फरक मात्र कोटेशन वाचताना सुटतो. वाकवताना सर्वाधिक ताण पृष्ठभागालाच बसतो. अल्ट्रासॉनिकची ओढ-दाब गाभ्यापर्यंत जवळपास सारखी पोचते. म्हणजे जास्त पोलाद पणाला लागतं, त्यात तडा जिथून सुरू होतो असा मोठा ऑक्साइडचा कण (पोलादातली अशुद्धी) सापडण्याची शक्यता वाढते आणि ताकद कमी दिसते. दोन मशीनचे आकडे जुळले नाहीत, तर लगेच फ्रिक्वेन्सीवर खापर फोडू नका.

कुठलंही मशीन घ्या, तुटलेला भाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचे पैसे बाजूला ठेवा. तिथे दिसतो गोल ‘फिश-आय’ (माशाच्या डोळ्यासारखा डाग), मधोमध कण, कणाला लागून खडबडीत पट्टा. जपानी संशोधक मुराकामींच्या पद्धतीत त्या कणाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ आणि विकर्स कडकपणा (हिऱ्याच्या टोकाने दाबून मोजलेला) यांवरून फटीग ताकदीचा अंदाज बांधता येतो. नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यातून तडा कुठल्या कणापासून सुरू झाला ते कळत नाही.

दोन पुरवठादारांचं पोलाद किती स्वच्छ आहे एवढंच ठरवायचं असेल, तर माझं मत सरळ अल्ट्रासॉनिकला. जोडीला काही नमुने रोटेटिंग बेंडिंगवर कोटी-दहा कोटींपर्यंत फिरवून बघा. गंज किंवा हायड्रोजनचा (तो पोलादात शिरून ते ठिसूळ करतो) प्रश्न असेल तर संथ मशीनच बरं, कारण तिथे फेऱ्यांइतकाच घड्याळातला वेळही मोजावा लागतो. आणि गिऱ्हाईक बेअरिंगचं आयुष्य विचारत असेल, तर या दोन्हींवर भागणार नाही. गोळी आणि ती जिच्यावर फिरते ती कडी (रेस) यांच्या दाबाखालची रोलिंग कॉन्टॅक्ट टेस्ट वेगळी लावावी लागेल.