ओईटीचं अ‍ॅप: लिसनिंगला एक नंबर, लेटरच्या भरवशावर राहू नका

यूकेला जायची तयारी करणाऱ्या नर्सेससाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. ओईटीसाठी, म्हणजे तिकडे काम करण्याआधी द्यायच्या आरोग्य क्षेत्रातल्या इंग्लिशच्या परीक्षेसाठी, मी एक पेड अ‍ॅप घेतलं होतं, नाव देत नाही कारण नंतर हॉस्टेलमधल्या मैत्रिणींच्या फोनवर दुसऱ्या कंपन्यांची पण बघितली आणि चांगलं-वाईट जवळपास तेच निघालं. मिरजेत ड्युटी करून क्लास जमत नाही, शिफ्ट सारखी बदलते, आज मॉर्निंग तर परवा नाईट, कुठला क्लासवाला आपल्यासाठी थांबणार? अ‍ॅपचे तीन महिन्यांचे दोन हजाराच्या आत, क्लासच्या फीसमोर काहीच नाही.

एनएमसीला, म्हणजे नर्सेसचं रजिस्ट्रेशन करणाऱ्या यूकेच्या कौन्सिलला, लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला बी ग्रेड म्हणजे ३५० लागतात आणि रायटिंगला सी प्लस, म्हणजे ३०० चालतात. रायटिंगला ही सवलत असल्यामुळे बऱ्याच जणी ते शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलतात, आणि अ‍ॅप नेमकं तिथेच कच्चं आहे.

आधी चांगलं सांगते. लिसनिंग खरंच सुंदर आहे. पार्ट ए मध्ये पेशंट आणि डॉक्टर किंवा नर्स यांचं बोलणं असतं, असे दोन ऑडिओ, प्रत्येकाला १२ गाळलेल्या जागा, ऐकायला मिळतं एकदाच. आपल्याला वॉर्डमध्ये इंग्लिश कळतं पण ते आपल्याकडच्या डॉक्टरांचं इंग्लिश, ऑस्ट्रेलियन किंवा ब्रिटिश माणूस भराभर बोलायला लागला की पहिल्या दोन जागा जाईपर्यंत कान बसतच नाही. अ‍ॅपमध्ये भरपूर ऑडिओ आहेत, डाऊनलोड करून ठेवता येतात, त्यामुळे एसटीत रेंज गेली तरी चालू राहतं. चुकलेल्या जागेवर बोट ठेवलं की तेवढंच वाक्य परत वाजतं, हे फीचर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. फक्त एक करा, आधी पूर्ण टेस्ट न थांबवता सोडवा आणि मगच मागे जाऊन ऐका, नाहीतर पॉज करायची सवय लागते आणि परीक्षेत पॉज नाही.

रीडिंगचं मिश्र आहे. पार्ट बी आणि सी मोबाईलवर ठीक जातात. पार्ट ए मात्र मोबाईलवर करूच नका. त्यात एकाच विषयावरचे चार उतारे असतात, २० प्रश्न आणि फक्त १५ मिनिटं, खरं कौशल्य म्हणजे कुठली माहिती कुठल्या उताऱ्यात आहे ते नजर टाकून शोधणं, आणि पाच-सहा इंचाच्या स्क्रीनवर वर-खाली करण्यातच निम्मा वेळ जातो. मी अ‍ॅपमधले उतारे झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणले, टायमर लावून कागदावर केले, तेव्हा कुठे वेळेत बसायला लागलं. आणि स्पेलिंग लिहून लिहून पक्कं करा, हेमरेज, डायरिया हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा बोलतो पण लिहिताना हात अडखळतो.

आता लेटर, म्हणजे रायटिंगचा पेपर. ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ फक्त केस नोट्स वाचायला, आणि पत्राचा मजकूर साधारण १८० ते २०० शब्दांचा. नोट्समध्ये पेशंटचं सगळंच असतं, जुनं अ‍ॅपेंडिक्सचं ऑपरेशन, मुलगी कुठे राहते, कधीची अ‍ॅलर्जी, आणि आपण ठरवायचं की पत्र ज्यांना जाणार त्यांना, समजा घरी जाऊन बघणाऱ्या कम्युनिटी नर्सला, यातलं नेमकं काय लागणार आहे. तपासणारे पण आधी हेच बघतात, पत्र कशासाठी लिहिलंय ते सुरुवातीलाच कळतंय का आणि नको ते गाळलंय का. अ‍ॅपमधला एआय हे बघतच नाही! मला शंका आली म्हणून मी एक चांगलं लेटर घेतलं, पत्राचं कारण असलेला पॅराग्राफ उचलून सगळ्यात खाली टाकला आणि परत सबमिट केलं, ग्रेड तीच. मग नोट्समधलं सगळंच्या सगळं कोंबून पावणेतीनशे शब्दांचं लेटर दिलं तर वर कौतुक आलं की डिटेल्स छान आहेत. ग्रामरच्या चुका तो बरोबर पकडतो, आर्टिकल, टेन्स वगैरे, तेवढ्यासाठी वापरा, पण त्याची बी ग्रेड बघून परीक्षेची तारीख बुक करू नका. परीक्षेची फी आपल्या पगाराच्या मानाने खूप मोठी आहे, आमच्यातल्या कितीजणी घरी पैसे पाठवून उरलेल्यातून ती भरतात. त्यापेक्षा चार-पाच लेटर्स ओईटी शिकवणाऱ्या माणसाकडून पैसे देऊन तपासून घ्या.

स्पीकिंगमध्ये दोन रोलप्ले, प्रत्येकाला कार्ड वाचायला ३ मिनिटं आणि बोलायला साधारण ५. अ‍ॅपमधला पेशंट आपण काहीही बोललो तरी ठरलेलंच पुढचं वाक्य म्हणतो. कार्डवर लिहिलेलं असतं की पेशंट इन्सुलिन घ्यायला घाबरतोय, आता त्याला नेमकी कसली भीती आहे ते आधी विचारायचं, थोडं सांगायचं, थांबायचं, समजलं का बघायचं, याला वेगळे मार्क आहेत. वॉर्डमध्ये आपण हे रोज करतो, "मावशी, सुईची भीती वाटते का, घरी कोण देणार?" असं आपोआप येतं, पण इंग्लिशमध्ये गेलो की आपण नुसत्या सूचना द्यायला लागतो. अ‍ॅप ही सवय वाढवतं कारण सलग बोललं की त्याला ते फ्लुएंट वाटतं. आमच्या एक सीनियर सिस्टर नाईटनंतर चहा पिता पिता पेशंट व्हायच्या आणि मध्येच चिडायच्या, रडायच्या, उलट प्रश्न विचारायच्या, त्या अर्ध्या तासाची बरोबरी कुठलंच अ‍ॅप करू शकत नाही.

घेणार असाल तर आधी ओईटीच्या अधिकृत वेबसाईटवरच्या फुकट सॅम्पल टेस्ट सोडवा, म्हणजे कुठे कमी पडताय ते कळेल. लिसनिंगला अडचण असेल तर डोळे झाकून घ्या, तीन महिने पुरतात. फक्त रायटिंग राहिलं असेल तर अ‍ॅपवर पैसे घालू नका. आणि पैसे भरताना यूपीआय ऑटोपे चालू होतो, अ‍ॅप डिलीट केलं तरी तो बंद होत नाही, पेमेंट अ‍ॅपमध्ये जाऊन मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, स्वतः कॅन्सल करावा लागतो, ते भरल्या दिवशीच करून टाका.