चार कॉइल, चार प्लग आणि ३९,४०० रुपयांचा चुना

जुनी टर्बो पेट्रोल गाडी तालुक्याच्या गावात ठेवणाऱ्यांसाठी लिहितोय. गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर. तक्रार एवढीच, की तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की मिसिंग मारायची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटायचं नाही. आमच्या नेरला (जिल्हा यवतमाळ) स्कॅनर असलेला मिस्त्री आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून गाडी अमरावतीला बायपासजवळच्या एका गॅरेजात गेली. "भाऊ, चारही कॉइल गेले तुमचे. एकच बदलसान तं महिन्याभरात दुसरा जाइन," असं ऐकवलं. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज देणारा भाग. विदर्भातला उन्हाळा आणि इंजिनावरच्या कव्हरखालची उष्णता, यात कॉइल मरतात हे खरंच आहे. थापेत अर्धं खरं असलं की ती पटते.

बिल असं: कॉइल चार, ४,२०० प्रमाणे १६,८००. इरिडियम प्लग चार, १,४५० प्रमाणे ५,८००. इंजेक्टर क्लीनिंग ४,८००. थ्रॉटल बॉडी आणि ‘कम्प्युटर रीसेट’ ३,५००. मजुरी ३,०००. गाडी उचलून न्यायचे ५,५००. वीस हजार रोख घेतले, १९,४०० यूपीआयवर, तेही भलत्याच माणसाच्या खात्यात. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लावला तं अजून सात हजार वाढतीन" म्हणे. हातात आला तो कच्च्या कागदाचा चिटोरा.

आता तो क्षण, ज्याचा अजून संताप येतो. गॅरेजवाल्याने गाडी उभ्या जागी रेस देऊन दाखवली. इंजिन घड्याळासारखं चाललं, डॅशवरचा दिवाही बंद. अरे, उभ्या गाडीत मिसिंग दिसतेच कुठे? टर्बोने हवा कोंबली की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल तिथे हरतो, आयडलला मात्र बिनबोभाट चालतो. दिवा तर दोन मिनिटांपूर्वी स्कॅनरने पुसलेला होता. त्याच स्कॅनरवर ‘रेडीनेस’, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते, उघडून बघितलं असतं तर त्या अपूर्ण दिसल्या असत्या, म्हणजे दोषाचा कोड ताजाच पुसलाय. पण संध्याकाळ झालेली, लाइट गेलेली, आणि सहा जण भोवती उभे राहून "झाली ना भाऊ एकदम झकास" म्हणत असताना स्कॅनर मागायचं कुणाला सुचतं? प्लास्टिकच्या पिशवीत ‘जुने प्लग’ही दिले. ते १० मिलिमीटर आट्यांचे, कुठल्या तरी दुचाकीचे निघाले. या इंजिनाचे आटे १४ मिलिमीटरचे. पिशवीला स्टेपल मारलेला होता, तो उगाच नव्हता.

परतीच्या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तेव्हा पाय ताबडतोब उचला, नाहीतर कन्व्हर्टरचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

नेरच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला: पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. त्याने तिसऱ्याचा कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याचा तिसऱ्यावर लावला, कोड पुसला, गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून आणली. आता कोड पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. फुकटातली दहा मिनिटांची चाचणी. ती न करता कुणी चारही कॉइल बदला म्हणत असेल तर चावी परत घ्या. कोड जागेवरच राहिला असता तर आधी प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन बघायचं. प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट.

‘नव्या’ चारही कॉइलवर जुन्याच सालाचा शिक्का होता. पेट्रोलने धुऊन चकचकीत केले होते, एवढंच. प्लग नवे होते, पण नकली. अस्सल प्लगची वॉशर हाताने फिरवून सहज निघत नाही, यांची गळून पडली. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, यांचं जाड. ठिणगी उडायची फट, म्हणजे गॅप, १.१ मिलिमीटर, जिथे ०.८ च्या आसपास हवी.

प्लग बदलायचे तर इंजिन थंड असताना, कारण प्लग ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं आहे. आधी विहिरीत हवा मारा, आपल्याकडची धूळ सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग रबरी नळीत अडकवून आटे हाताने धरवा, मग टॉर्क पान्याने ३० न्यूटन मीटर. ‘अजून थोडा’ करून आवळू नका.

खरा खर्च: एक कॉइल ३,१००, चार प्लग २,६००, मजुरी ४००. एकूण ६,१००.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "गाडी चालू आहे ना? मंग फसवणूक कायची? हा दिवाणी मामला." न लावलेल्या कॉइलचे १६,८०० घेणं दिवाणी कसं? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, हे सांगितलं तर "तुम्हीच वकील व्हा" असं उत्तर. गुन्हा अमरावतीत घडला, तिकडे जा, हेही वर. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, हा शब्द काढला तर साहेब जेवायला उठले. आरटीओने हात झटकले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती ‘समोरच्याकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. प्रतिसाद द्यायचा असता तर लुबाडलं असतं कशाला?

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळलाच, दाखल करता येतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. तिथे कच्चा चिटोरा कमी पडू नये म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट, कॉइलवरच्या सालाचे फोटो, मिस्त्रीचा लेखी अहवाल आणि ते दुचाकीचे प्लग, सगळं जोडलंय.