'प्री' की 'फोर'?

इंग्रजीत 'आधी' किंवा 'पुढे' सांगायला हे दोन उपसर्ग हाताशी असतात. 'प्री' लॅटिनमधून आलेला, 'फोर' अस्सल जुना इंग्रजी. प्रेडिक्ट आणि फोरटेल हे शब्द फोडून पाहा, दोन्हींचा अर्थ 'आधी सांगणे'च. तरी बाज वेगळा. शास्त्रज्ञ प्रेडिक्ट करतो, फोरटेल म्हटलं की कुडमुड्या जोशी आठवतो.

'प्री'चं काम बहुतेक वेळा काळाशी. प्रीपेड रिक्षाची पावती घ्या, पैसे आधी, प्रवास नंतर. 'फोर' काळही सांगतो (फोरकास्ट, फोरफादर म्हणजे आपला पूर्वज), पण जागा सांगण्यात तो खरा पटाईत. फोरहेड म्हणजे डोक्याचा पुढचा भाग, कपाळ. फोरफिंगर म्हणजे तर्जनी. कारखान्यातला फोरमनही पुढे उभा राहणारा माणूस.

नवा शब्द घडवायचा तर मी बिनदिक्कत 'प्री'च घेईन. तो कशालाही चिकटतो. आपलं 'प्रीपोन'च बघा, पोस्टपोनच्या उलट. मीटिंग प्रीपोन झाली म्हटलं की इथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळतं, लंडनचा माणूस मात्र क्षणभर थबकतो. 'फोर'चं दुकान आता जवळपास बंद आहे, जुना माल तेवढा खपतो.

फसवे शब्द दोन्हीकडे आहेत. प्रेशसमध्ये 'आधी' काही नाही, तो किमतीच्या लॅटिन शब्दावरून आला. फॉरगेट आणि फॉरबिडमधला 'फॉर' तर वेगळाच उपसर्ग. स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' नाही, तिथेच ओळखायचं.