रोज बेंगाल अँटिजेन : गोठ्यासाठी हुकमी, रुग्णासाठी अपुरं

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांतला सांसर्गिक गर्भपात, जो माणसांनाही होतो; तो तपासायला रोज बेंगाल अँटिजेनइतकी स्वस्त आणि झटपट दुसरी गोष्ट नाही. जनावरांसाठीचं अँटिजेन पुण्यातल्या औंधची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तयार करतात. माणसांच्या तपासणीसाठी खासगी कंपन्यांचे किट मिळतात. बाटलीत ब्रुसेला अबॉर्टसचे मारलेले आणि गुलाबी रंगवलेले जिवाणू असतात. बाधित जनावराच्या किंवा माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं (शरीराने या जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) त्यांना चिकटली की गुठळ्या होतात. ते ज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) असतात त्याचा पीएच सुमारे ३.६५ ठेवलेला असतो. आम्लामुळे भलत्याच जंतूंविरुद्धच्या सैल प्रतिपिंडांचा गोंधळ बराच कमी होतो, म्हणून बाटलीत पाणी किंवा सलाइन घालून अँटिजेन पुरवून वापरायचं नाही.

चाचणी सोपी आहे, पण सैलपणा चालत नाही. सिरम (रक्त गोठल्यावर वर येणारा द्रव) आणि अँटिजेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. बाटली हलक्या हाताने हलवा, फेस येऊ देऊ नका, आणि लागेल तेवढंच अँटिजेन काढा. पांढऱ्या टाइलवर किंवा काचपट्टीवर ३० मायक्रोलिटर सिरम, शेजारी ३० मायक्रोलिटर अँटिजेन, आणि स्वच्छ काडीने २ सेंटिमीटरच्या गोलात मिसळणं. मग ४ मिनिटं पट्टी सावकाश डोलवत राहायची आणि लगेच उजेडात बघायचं. निगेटिव्ह थेंब शेवटपर्यंत एकसारखा गुलाबी राहतो. पॉझिटिव्हमध्ये कडेला गडद रेघ उमटते, मग रव्यासारखे दाणे दिसू लागतात आणि मधलं पाणी निवळतं. दाणे बारीक असले तरी तो पॉझिटिव्हच धरायचा. शेळ्या-मेंढ्यांसाठी ७५ मायक्रोलिटर सिरमला २५ मायक्रोलिटर अँटिजेन असं प्रमाण घ्या. समसमान घेतलं तर बरीच बाधित जनावरं निसटतात.

बहुतेक तक्रारी बाटलीच्या नसून हाताळणीच्या असतात. अँटिजेन २ ते ८ अंशांत हवं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवून ठेवलं आणि एकदा गोठलं, की जिवाणू आपापसातच चिकटतात आणि निगेटिव्ह सिरमलाही दाणे दिसतात. पंख्याखाली काम केलं तर थेंबाची कड वाळते आणि तीच गुठळी वाटते. ५-६ मिनिटांनी वाचलं तरी तोच घोळ. रक्त जोरात ओढलं किंवा नळी हलवली तर सिरम लाल येतं, आणि लाल सिरममध्ये गुलाबी दाणे ओळखणं अवघड. साध्या नळीत ५ मिली रक्त घ्या, तिरपी ठेवून गोठू द्या आणि वर आलेलं सिरमच वापरा. प्रत्येक वेळी एक माहीत असलेलं पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह सिरम सोबत लावा. हे दोन थेंब वाचवणाऱ्याच्या निकालावर मी विश्वास ठेवणार नाही.

गोठ्यात हे अँटिजेन काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते खरेदीआधीच समजून घ्यायला हवं. गाय नुकतीच गाभडली असेल तर प्रतिपिंडं अजून पुरेशी वाढलेली नसू शकतात. निगेटिव्ह आलं तरी तिला वेगळं ठेवून साधारण ३ आठवड्यांनी पुन्हा तपासा. एस १९ लस दिलेल्या कालवडींमध्ये लसीमुळेही दाणे येतात. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ही लस आयुष्यात एकदा दिली जाते, म्हणून दीड वर्षाच्या आतलं जनावर पॉझिटिव्ह आलं तर आधी कानातल्या बिल्ल्यावरून लसीकरणाची नोंद बघा. येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका या दुसऱ्याच जिवाणूच्या ओ:९ प्रकारामुळेही खोटा पॉझिटिव्ह येतो. कुत्र्याच्या ब्रुसेला कॅनिससाठी हे अँटिजेन निरुपयोगी आहे, त्या जंतूचं आवरणच वेगळं असतं. पॉझिटिव्ह निकाल एलायझाने (प्रतिपिंडं शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) पक्का करून घ्या.

पुढचा प्रश्न जास्त अवघड. या रोगावर जनावराला उपचार करत नाहीत, आणि महाराष्ट्रात गाय कत्तलीला पाठवता येत नाही. त्यामुळे पॉझिटिव्ह गाय बाजारात गुपचूप विकली जाते आणि रोग दुसऱ्या गोठ्यात जातो. ही विक्री करू नका. गाय वेगळी बांधा, तिचं दूध उकळल्याशिवाय वापरू नका, वार आणि मेलेलं वासरू चुन्यासह खोल पुरा, आणि हे सगळं हातमोजे-मास्क घालूनच.

माणसांच्या बाबतीत माझं मत सावध आहे. उलटून-उलटून येणारा ताप, रात्री भिजवणारा घाम, गुडघा किंवा खुब्याची सूज, कंबरेच्या खालच्या भागात, माकडहाडाच्या बाजूला दुखणं ही या रोगाची ओळखीची लक्षणं आहेत. पण आपल्याकडे ताप आणि सांधेदुखी म्हटलं की चिकुनगुनिया, आणि कंबरेच्या मणक्यात बिघाड दिसला की टीबी, हेच पहिलं मनात येतं. रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं टीबी आणि ब्रुसेलोसिस या दोन्ही रोगांवर चालतात, त्यामुळे चुकीच्या निदानावरही रुग्णाला थोडं बरं वाटतं आणि खरा रोग लांबतो. अशा वेळी रोज बेंगाल चाचणी पहिला इशारा म्हणून उत्तम. मात्र पशुवैद्यक, गवळी, खाटीक अशा सतत संपर्कातल्या लोकांत जुन्या संसर्गाची प्रतिपिंडंही सापडतात. म्हणून प्रयोगशाळेला सिरम १:८ पर्यंत पातळ करून पुन्हा तपासायला सांगा, आणि सोबत ट्यूब अॅग्लुटिनेशन करा. त्यात, म्हणजे नळीत सिरम पातळ करत गुठळी कुठपर्यंत होते ते बघण्याच्या या चाचणीत, साधारण १:१६० किंवा त्याहून जास्त टायटर (गुठळी होणारं सर्वांत पातळ प्रमाण) आणि जुळणारी लक्षणं असतील तर संशय बळकट होतो. पक्का पुरावा म्हणजे रक्तातून किंवा सांध्यातल्या पाण्यातून जंतू वाढणं. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी नमुना द्या. केवळ 'ब्रुसेला पॉझिटिव्ह' अशा एका ओळीच्या रिपोर्टवर गोळ्या सुरू करणं चूक आहे, कारण उपचार लहान नसतात: डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि सोबत दुसरं औषध, मणका धरला असेल तर बहुधा त्याहूनही लांब. एकच औषध घेतलं किंवा मध्येच सोडलं की रोग उलटतो.

गोठ्याच्या कामासाठी ५ पैकी ४.५ गुण, माणसाच्या एकट्या निदानासाठी २. दवाखान्यात किट घेताना माणसांसाठी नोंदणीकृत असलेलंच घ्या, मुदत बघा, आणि सोबत कंट्रोल सिरम (तुलनेसाठीचं माहीत असलेलं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह) नसेल तर ते किट घेऊच नका. नमुन्याच्या फॉर्मवर 'ब्रुसेलाचा संशय' असं ठळक लिहा: कल्चर (नमुन्यातून वाढवलेले जंतू) उघड्यावर हाताळलं तर जंतू हवेतून तंत्रज्ञाच्या श्वासात जातो. रुग्णाने कच्चं दूध प्यायलं आहे का, गाभडलेल्या जनावराची वार हाताळली आहे का, हेही त्याच फॉर्मवर लिहा.