लाइट मिकाडोचं एचओ मॉडेल: वापरून पाहिल्यावर

मालगाडीचं इंजिन कसं दिसावं, तर असं! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं रेल्वे हाती घेऊन ठरावीक नमुन्याची इंजिनं काढली. त्यातलं पहिलं म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायोचं ४५००, बाल्डविननं १९१८ साली बांधलेलं. पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन चाकं असलेल्या वाफेच्या इंजिनाला मिकाडो म्हणतात; त्यातल्या या हलक्या नमुन्याची, म्हणजे लाइट मिकाडो, ६२५ झाली. मी घेतलेलं मॉडेल त्याच ४५००चं, एचओ म्हणजे १:८७ मापाचं.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ते उघडलं आणि आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. मूळ इंजिनाचं चालक चाक, म्हणजे गाडी ओढणारं मोठं चाक, ६३ इंची, म्हणजे इथे साधारण १८.४ मिलिमीटर यायला हवं. बरोबर आलं! इंजिन अगदी हळू सोडा आणि बाजूनं बघा: कनेक्टिंग रॉड पुढे जातो, व्हॉल्व गिअरचे (मूळ इंजिनात वाफ सोडणाऱ्या यंत्रणेचे) बारीक दांडे आपापल्या वेळेला हलतात, काहीही अडकत नाही. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

तक्रार एकच. सोबतचा पॉवर पॅक (रुळांना वीज देणारा डबा) ११० व्होल्टचा निघाला आणि दुकानदारानं ते आधी सांगितलं नाही. आपल्या २३० व्होल्टला तो थेट लावू नका, जळेल. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागला. शिवाय आठ चालक चाकं एका सांगाड्यात, त्यामुळे रुळाचं वळण ऐसपैस ठेवा.

प्रतापनगरचं रेल्वे हेरिटेज पार्क बघून ज्या मुलांना वाफेचं वेड लागलंय, त्यांच्या आईबाबांनी हे जरूर घ्यावं. फक्त दांड्यांना तेल अगदी थेंबभर, सुईच्या टोकानं.